तीस पावलांची विहीर

९ फेब्रुवारी

चि. बेडके,

तुझी आजी अजून आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तुझं पार्सल पाहून वाटलं, तू मला ओळखेनाशी झालीस. आल्याची बिस्किटं पाठवलीस. डबा सुरेख, झाकणावर जहाज. पण बिस्किटं अशी, की विटांऐवजी विहिरीच्या भिंतीत घालावीत. अगं, माझ्या तोंडात दात किती? लहानपणी हेच तर तुझं गणित होतं! मला आ करायला लावून मोजायचीस आणि दरवर्षी वजाबाकी करायचीस. शेवटचा पडला तेव्हा ‘आजी, आता शून्य आलं’ म्हणून नाचली होतीस. शून्य तेवढं लक्षात राहू नये? एवढं शिकून माणूस हुशार होतो की विसराळू, ते एकदा कळव. चहात बुडवून पाहिलं. चहा संपला, बिस्किट होतं तसंच.

वाया गेली नाहीत, काळजी नको. तुझ्या बापाने संपवली. दोन दिवसांत. तो म्हणतो, तीन.

हे पत्र तोच लिहितो आहे. रिकामा डबा मांडीवर घेऊन, झाकणावर कागद ठेवून. नाक फुगलं आहे. ‘बेडके’ म्हटल्यावर जरा थांबला. तुला बादलीत बसवून विहिरीत सोडायचा आणि तू तळातून ओरडायचीस, तेव्हा हे नाव त्यानेच ठेवलं होतं. म्हणून थांबला असेल, नाहीतर पेन अडलं असेल. त्याला मी बजावलं आहे, मी सांगेन ते लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

गल्लीत नवीन काही नाही, हीच बातमी. तू विहिरीवरच्या पंपाचा दांडा काढायला लावलास त्याला आठ महिने झाले. एक दिवसाआड टँकर येतो आणि सगळी गल्ली कॅन घेऊन उभी राहते. दांडा तुझ्या बापाने फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे, माझ्या शालींच्या खाली. आठ महिन्यांत त्याने एक खड्डा खणलेला नाही. खुर्च्या दुरुस्त करतो. आता गल्लीत एकही खुर्ची डुगडुगत नाही, आणि चांगल्या खुर्चीकडेही तो असा बघतो की मी बसल्या जागेवरून उठायला घाबरते.

गल्लीच्या पाणी समितीने नवी विहीर घ्यायचं ठरवलं आहे. कोणी बांधायची, यावर गाडी अडली आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षं विहिरी बांधल्या त्याचं नाव निघालं की सगळे छताकडे बघतात. बाहेरचा माणूस आणू म्हणतात. तुझा बाप म्हणतो, आणा. असं म्हणाला की मला उठून त्याच्या पाठीत एक घालावीशी वाटते, पण त्याची पाठ आधीच दुखते. मला काय हवं ते सांगू? तू आणि तो एका खड्ड्याच्या काठावर उभे राहून भांडताना मला पुन्हा बघायचं आहे. आठ महिन्यांत तुम्ही भांडलासुद्धा नाहीत.

आता एक गोष्ट नीट ऐक. त्या खुंटीबद्दल आहे. ज्या खुंटीवरून तू सगळ्यांसमोर बापाला बोललीस आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस, त्या खुंटीबद्दल.

इकडील हवा कोरडी आहे. आजीची प्रकृती समाधानकारक आहे. भूक व्यवस्थित लागते. गुडघेदुखी नियंत्रणात आहे.

बघ, इतके दिवस हे सगळं पोटात ठेवलं होतं, आज बाहेर काढलं. आता तुला राग यायचा तो येऊ दे, पण उत्तर दे. त्याला मी पत्र वाचून दाखवायला लावलं. शब्दन्‌शब्द वाचला बिचाऱ्याने.

पुढच्या वेळी मऊ काहीतरी पाठव. साधा केक चालेल.

तुझी आजी
(अंगठा माझाच. पुसट उठला आहे, कारण तुझा बाप शाईसुद्धा हात राखून लावतो.)


४ मार्च

बेडके,

अक्षर बदललेलं पाहून दचकू नको. बाप ठणठणीत आहे. आज शिंपीणबाई लिहिते आहे, आपल्या मागच्या बोळातली. तिच्या कापड बेतायच्या फळीवर कागद ठेवला आहे आणि मी समोर बसले आहे. घरी सांगून आले, शालीची किनार उसवली आहे. किनार मीच उसवली.

झालं असं. तुझं पत्र आलं. तुझ्या बापाने वाचलं, रेडिओवर बातम्या देतात तसं. त्यात तू लिहिलंस, ‘तुझी गुडघेदुखी नियंत्रणात आहे हे वाचून बरं वाटलं.’ मी म्हटलं, थांब. नियंत्रणात? माझ्या गुडघ्यांना मी आजवर पुष्कळ काही म्हटलं आहे, त्यातलं निम्मं या बाईसमोर सांगता येणार नाही, पण हा शब्द माझ्या तोंडचा नाही. मग तो तुझ्याकडे गेला कसा?

आणि मला आठवलं. मला अक्षर येत नाही, पण कान आहेत. पत्र्याच्या झाकणावर कागद ठेवून लिहिलं की पेन टिकटिक वाजतं, छपरावर चिमणी चालावी तसं. त्या दिवशी मी खुंटीची सगळी गोष्ट सांगत होते आणि चिमणी चालत नव्हती. मी मान वर केली तर तुझा बाप कागदाकडे बघत बसलेला. पुढे थोडंसं टिकटिकलं, चार ओळींपुरतं. नंतर त्याने मला सगळं वाचून दाखवलं ते कागदावरून नव्हे. मी बोलले होते ते त्याने पाठ केलं होतं. शाळेत एक कविता पाठ झाली नाही याची!

बाईला तुझं पत्र परत वाचायला दिलं. तिने वाचलं आणि शेवटी म्हणाली, ‘आजी, खाली एक ओळ आहे.’ तुझ्या बापाने ती मला वाचली नव्हती. ‘पाठ दुखते का अजून? (त्यांची.)’ एवढीच. बाई म्हणते, कागदाची घडी नेमकी त्या ओळीवर आहे आणि तिथे तो कापडासारखा मऊ पडला आहे. म्हणजे किती वेळा उघडला असेल बघ. आणि मला मात्र हवापाणी ऐकवतो.

तर आता तुला ती गोष्ट सांगते. आधी बाईला सांगितलं, तुझ्या कानावर हे पडणार, तुला ऐकवत नसेल तर दुसरं कोणी बघते. ती म्हणाली, सांगा.

तू पत्रातून विहिरीचे नियम पाठवले होतेस ना, तेव्हाची गोष्ट. तुझ्या बापाची पाठ धरली होती, तो जमिनीवर फळी टाकून उताणा पडला होता. पडल्यापडल्या त्याने वाचलं, ‘संडासाच्या शोषखड्ड्यापासून कमीत कमी तीस मीटर.’ म्हणाला, ‘उद्या समितीची माणसं खणायला येतील, त्याआधी उठून मोजतो.’ मी म्हटलं, ‘तू पड. मी मोजते.’ तो हसला. म्हणाला, ‘मोज.’

आता मीटर. मला ठाऊक असलेला मीटर एकच, दाराजवळ भिंतीवर लावलेला विजेचा डबा. त्यातलं चाक फिरतं आणि तुझा बाप ‘दिवे घालवा’ म्हणून ओरडतो. तसले तीस डबे जमिनीवर कसे मोजायचे? विचारायला हवं होतं. पण माझा मुलगा चाळीस वर्षं विहिरी बांधतो, नात पाणी शोधायचं शिकून परदेशी गेली, आणि मी विचारू मीटर म्हणजे काय? लाज वाटली. मनाशी म्हटलं, तीस म्हणजे तीस, दुसरं काय असणार? पावलं. बाईच्या मागच्या फरशीपासून, जिच्याखाली खड्डा आहे तिथपासून, मी तीस पावलं चालले आणि खुंटी ठोकली.

सकाळी तुझा बाप वाकलेलाच उठला. विचारलं, ‘आई, तीस भरले?’ मी म्हटलं, ‘भरले.’

विहीर झाली. पाणी लागलं, गोड होतं. आणि दोन महिन्यांत पोरं आजारी पडली. बाईची धाकटी आठ दिवस दवाखान्यात होती. तू आलीस, पाणी तपासलंस, टेप लावलास. सोळा मीटर. गल्लीसमोर म्हणालीस, ‘बाबा, चाळीस वर्षांत एकदा टेप लावायचा कंटाळा केलात, तोही इथे?’ तो एवढंच म्हणाला, ‘खुंटी माझी आहे.’

खुंटी माझी होती, बेडके.

बाईने पेन खाली ठेवलं आहे. म्हणते, आज एवढंच, मला काम आहे. शेवटचं वाक्य तिने मी म्हटलं म्हणून लिहिलं.


७ मार्च

तीन दिवस बाई बोळातून गेली ती आमच्या दाराकडे न बघता. माझी शाल तिच्याकडेच होती. मी दुसरी न काढता थंडीत बसून राहिले. बसायलाच हवं होतं.

आज आपणहून आली. हातात फळी. म्हणाली, ‘गोष्ट अर्धी राहिली आहे, आजी. अर्धी पाठवू नका.’ तिला कसं कळलं, अर्धीच आहे? कापडाचा तुकडा बघून सदऱ्याला कमी पडणार हे जिला कळतं, तिला हेही कळत असेल.

तर उरलेलं.

मीटर मला कळला नाही हे खरं. पण तेवढंच नाही. माझे गुडघे तुला माहीत आहेत. त्या दिवशी मी फरशीपासून निघाले, तोंड आपल्या दाराकडे. वीसपर्यंत पावलं नेहमीची पडली. एकविसाव्याला दार दिसलं. मग मनात आलं, विहीर दाराशी आली तर बरं, कॅन उचलून लांब जायला नको. आणि पावलं आपोआप आखूड झाली. आपोआप नाही. मी केली. शेवटची दहा म्हणजे मुंगीची चाल होती. तिसावं पडलं ते बरोबर आपल्या उंबऱ्यासमोर.

हे मी तुझ्या बापालासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या पत्राच्या वेळी पहिल्यांदा सांगितलं, आणि त्याने पेन चालवलं नाही. नंतर मी त्याला धरलं. म्हटलं, का रे लिहिलं नाहीस? नातीने तुला बोल लावले ते माझ्यामुळे. तर म्हणतो, ‘आई, टेप माझ्या खिशात होता.’ म्हटलं, पण पावलं मी खाल्ली. म्हणतो, ‘बांधणाऱ्याने मोजायचं असतं. मी मोजलं नाही. ती मला बोलली ते बरोबरच बोलली. त्यात तुझं नाव घालून मी काय मिळवू?’ मी म्हटलं, ‘तुझी मुलगी मिळवशील, मूर्खा.’ तर खुर्चीचा पाय तासायला लागला. आमची एकही खुर्ची मोडलेली नाही.

मला वाटतं, त्याला त्याच सकाळी शंका आली असणार. वाकलेला होता, आंधळा नव्हता. पण आईला ‘खरंच भरले का’ असं दुसऱ्यांदा विचारणारा तो नाही. लहानपणापासून नाही. तुझी आई गेली तेव्हाही मी ‘जेवलास का’ म्हटलं की ‘जेवलो’ म्हणायचा, आणि मीही दुसऱ्यांदा विचारायची नाही. आमच्या घरात एकदाच विचारायची पद्धत आहे. ती तू मोडलीस, टेप लावलास. बरं केलंस.

मग मी शिंपीणबाईकडे वळले. मी तिला म्हटलं, ‘तुझ्या लेकीचे आठ दिवस माझ्याकडे लागतात. ते मी कसे फेडू मला कळत नाही.’ ती उठून टँकरचं पाणी प्याली. मग बसली. म्हणाली, ‘फिटायचे नाहीत, आजी.’ फळी मांडीवर ओढून म्हणाली, ‘तो खड्डा आमचा आहे. आम्ही खणला तेव्हा, खाली कोणाचं पाणी आहे, हे आम्हीही कोणाला विचारलं नव्हतं.’ हे लिहू का म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, तू म्हणालीस, तूच ठरव. तिने लिहिलं.

धाकटी आत्ता माझ्या मांडीवर झोपली आहे. जड झाली आहे पूर्वीपेक्षा.

आता तू माझ्यावर रागव, मनसोक्त. माझं वय बघू नको. पण बापाला दोन ओळी लिही. त्या कंसातल्या ‘त्यांची’वर त्याने कितीसं जगायचं?

तुझी आजी
(या अंगठ्याला शाई भरपूर आहे. बाईने लावली.)


११ एप्रिल

बेडके,

तुझी दोन पाकिटं आणि एक पार्सल मिळालं. हे पुन्हा तुझा बाप लिहितो आहे. बाई शेजारी बसून नजर ठेवते, म्हणजे हवापाणी आत शिरायला नको. तिने माझी शाल आज दिली. किनारीला टाके इतके बारीक घातले आहेत की पुन्हा उसवायला मला वर्ष लागेल. मला वाटतं, तोच तिचा हेतू असावा.

माझं पाकीट बाईने वाचलं. तू रागावलीस, बरं वाटलं. ‘आजी, तू विचारलं असतंस तर कोणी हसलं नसतं’, हे मात्र खोटं आहे. तू हसली असतीस. पुढे लिहिलंस की चूक तुझीही आहे, जागा न पाहता लांबून आकडा पाठवलास, आणि तो वाचणाऱ्याला कळेल का याचा विचार केला नाहीस. ते मी ठेवून घेतलं. सगळी चूक मी एकटीनेच का मिरवायची?

मीटर म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून लांब केलेल्या हाताच्या बोटापर्यंत, थोडं जास्त. हे तू लिहिलंस आणि आता गल्लीतल्या सगळ्या बायका एक हात लांब करून, नाक वर करून एकमेकींना मोजताहेत. माझा हातही आखूड निघाला. मी अंगानेच अप्रामाणिक आहे.

तुझ्या बापाचं पाकीट त्याने माझ्यासमोर फोडलं नाही. घेऊन विहिरीवर गेला, बंद पंपाला टेकून उभा राहिला. मी दारातून बघत होते, दार जवळच आहे. (हे लिहिताना तो हसला. लिहायला लावते आहे.) वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं. मग घरात आला आणि पार्सलमधला तू पाठवलेला टेप बाहेर काढला. पिवळा, तीस मीटरचा. म्हणाला, ‘आई, चल. टोक धर.’

पहिली मोजणी त्याने मला करायला लावली. फरशीवर शून्य धरून मी बसले आणि तो टेप सोडत गेला. आपलं दार गेलं. शेजारचं गेलं. लोहाराचं दुकान गेलं. मी ओरडले, ‘अरे, अजून किती?’ तो लांबून ओरडला, ‘अजून, आई.’ तीस मीटर इतके लांब असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे पोचला तेव्हा तो एवढासा दिसत होता.

आणि मग म्हणतो, तिथेही नाही. तू त्याला लिहिलं आहेस म्हणे, तीस हा कमीत कमी आकडा आहे, आणि आपल्याकडे खाली भेगांचा खडक आहे, त्यातून घाण लांबवर जाते. शिवाय अंतराइतकीच दिशाही बघायची. जमिनीखालच्या पाण्यालाही उतार असतो. तो कुठे आहे ते वरून कळत नाही. तुझ्या बापाने तीन ठिकाणी बारीक भोकं घेतली, दोरीला शिसं बांधून सोडलं, पाणी किती खोल ते पाहिलं, आणि कोळशाने दारावर तीन आकडे लिहिले. त्यांच्याकडे दोन दिवस बघत बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘पाणी वरच्या लाकडांच्या वखारीकडून इकडे येतं. खड्डा खाली, विहीर वर. वखारीच्या भिंतीशी घ्यायला हवी.’ सत्तर मीटर. चढावर.

समितीच्या बैठकीत तो स्वतः उभा राहिला, दहा महिन्यांनी. सांगितलं, जागा लांब आहे, खडक लागणार, आणि उन्हाळा संपत येईपर्यंत खणायची, म्हणजे पाणी सगळ्यांत खाली गेलेलं असताना. त्याच्याही खाली तळ गेला तर ती आटणार नाही. वरचे तीन मीटर पक्कं अस्तर, त्याच्यामागे चिकणमाती ठासून, म्हणजे वरचं सांडलेलं पाणी भिंतीच्या कडेने आत उतरायला नको. कमरेइतका कठडा, वर झाकण, भोवती बाहेर उतरता ओटा, आणि सांडपाण्याला नाली, थेट झाडांपर्यंत. वापरण्याआधी पाणी तपासायचं आणि दर वर्षी पुन्हा. वखारीच्या बाजूला चुन्याने रंगवलेले दगड लावायचे, त्यांच्या आत कोणी संडास बांधायचा नाही, गुरं बांधायची नाहीत. कोणी छताकडे पाहिलं नाही. लोहार म्हणाला, ‘एवढं चढून रोज कोण जाणार?’ तर शिंपीणबाई म्हणाली, ‘मी जाईन.’

तुझा बाप शेवटी म्हणाला, वाटेत मध्यावर एक बाक बांधणार. माझ्याकडे न बघता म्हणाला. सगळ्या गल्लीने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

जुनी विहीर त्याने स्वतः बुजवली. कोणाला हात लावू दिला नाही. पंप काढला, तळापासून स्वच्छ दगडगोटे, वर माती ठासून, वर सिमेंट. नुसती सोडून दिली असती तर घाण खाली जायला तोच सरळ रस्ता झाला असता म्हणे. चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी सिमेंट ओलं असताना मी विचारलं, ‘वाईट वाटतं का रे?’ म्हणाला, ‘हो.’ दुसऱ्यांदा विचारलं. म्हणाला, ‘फार.’ बघ, आमच्या घरात आता दोनदा विचारतात.

आता एवढंच राहिलं आहे, वखारीपाशी खुंटी. जागा ठरली, टेप लागला, पण हा खुंटी ठोकत नाही. म्हणतो, ती येऊन बघेल, मोजेल, मग ठोकू. माणसं तयार आहेत, उन्हाळा चालला आहे. मी म्हटलं, ठोक. तर म्हणतो, ‘एकदा चुकलो आहे, आई.’ रोज सकाळी हातोडा घेऊन वर जातो, आणि तसाच खाली येतो.

तू कधी येतेस ते लगेच कळव.

तुझी आजी


६ मे

बेडके,

तुझं उत्तर परवा आलं. पोस्टमन बोळाच्या तोंडाशी होता तेव्हाच तुझ्या बापाने हात पुसले. या वेळी एकच पाकीट, दोघांच्या नावाचं. त्याने वाचलं, मोठ्याने, बातम्यांच्या आवाजात. मी, बाई, धाकटी, सगळ्या बसलेल्या.

‘बाबा, तिन्ही आकडे मिळाले. मी तुमच्या जागी असते तर वखारीपाशीच घेतली असती. खुंटी तुम्ही ठोका. मी तपासायला येणार नाही. पाणी लागलं की प्यायला येईन.’

बातम्या तिथेच बंद पडल्या. त्याने कागद बाईकडे दिला, बाईने पुढचं वाचलं. ‘त्या दिवशी मी गल्लीसमोर बोलले. खासगीत बोलायला हवं होतं. आणि बोलून झाल्यावर थांबायला हवं होतं. पाठ कशी आहे?’ या वेळी कंस नव्हता, बाईने मला मुद्दाम सांगितलं.

तुझा बाप उठला. कपाटातून माझ्या शाली इकडेतिकडे फेकल्या, पंपाचा दांडा काढला, फडकं सोडलं, भिंतीला टेकवून ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. मग हातोडा घेऊन गेला. मीही गेले. सत्तर मीटर, बेडके, चढावर, बाक अजून झालेला नसताना. तीन ठिकाणी थांबले आणि तिन्ही ठिकाणी त्याच्या नावाने खडे फोडले. तो पुढे जायचा, थांबायचा, परत यायचा.

वर पोचल्यावर त्याने पुन्हा टेप लावला. आदल्या दिवशी लावला होता, त्याच्याही आदल्या दिवशी लावला होता. लाव म्हटलं, बाबा. लोहाराने खाली टोक धरलं. मग तुझा बाप खुंटी माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘तू धर, मी ठोकतो.’ मी म्हटलं, माझ्या हाताची खुंटी पुन्हा? म्हणाला, ‘जागा मी मोजली आहे. तू नुसती सरळ धर.’ धरली. त्याने ठोकली. एकदा माझ्या बोटावर बसता बसता राहिली, तेव्हा मी काय बोलले ते बाई लिहू देत नाही.

काल खणायला सुरुवात झाली. दीड हात माती, मग मुरूम. तुझा बाप काठावर बसून शिव्या देतो आणि आनंदात आहे. एक खुर्ची अर्धी तासून अंगणात पडली आहे, तिला कोणी वाली नाही.

आता माझं काम. काल रात्रीचं जेवण झाल्यावर तुझा रिकामा डबा पुसत होते, जहाजाचा. आणि मनात आलं. दर वर्षी माझे दात मोजणारी, शून्य आलं म्हणून नाचणारी मुलगी, आजीला दगडासारखी बिस्किटं पाठवेल? आल्याची? जी या घरात एकाच माणसाला आवडतात, आणि तीही कडक? तू विसरली नव्हतीस. आठ महिने बापाशी बोलत नव्हतीस आणि माझ्या नावाने डबा त्याला पाठवत होतीस. त्याने दोन दिवसांत संपवला तेव्हा त्यालाही कळलं होतं. ठार अडाणी एकटी मीच निघाले, आणि वर पत्रातून तुझीच हजेरी घेतली. ते मागे घेते. तेवढंच, बाकीचं नाही.

मी हे सांगते आहे आणि पत्र्यावरची चिमणी थांबली आहे. बाई त्याला कोपराने ढोसते आहे. असू दे, थांबू दे थोडा. मला घाई नाही.

हां, चालली.

तर पाणी लागायला महिना जाईल, तोवर तू येणार नाहीस, आणि हा दिवसभर खडकाशी झुंजून संध्याकाळी उपाशी येतो. म्हणून एक डबा पाठव. मोठा. आल्याची बिस्किटं, कडकच. पार्सलवर नाव माझंच घाल.

तुझी आजी